अक्का विमानानं आली

माझी थोरली बहीण अक्का अंतर कधी कोसांत सांगायची नाही. "थळहून अलिबाग? भात शिजून निवेपर्यंत पोचशील," असं तिचं माप. कराचीत नोकरीला असलेल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं तेव्हा आईनं विचारलं, "आणि कराची गो?" अक्का हसली. "आगबोटीनं दोन रात्री. रडून डोळे सुजतील आणि सूज उतरेलही, एवढं लांब."

मला गावातच दिलेली. त्यामुळे आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं माझ्याकडे आलं. तिचं आंघोळपाणी, औषध, चिडचिड. पेजेची वाटी लोटून ती म्हणायची, "मीठ विसरतेस. लक्ष कुठं असतं तुझं?" आणि वर रोज एकच, "अक्काला कळवलंत का?" शेवटी माझ्या नवऱ्यानं तार केली.

आणि अक्का आली ती चक्क विमानानं! टपालाच्या विमानात एका माणसापुरती जागा असे, ती भावोजींनी कराचीत साहेबाला गळ घालून मिळवली. सकाळी तिथं चहा घेऊन निघालेली बाई दुपारी मुंबईत उतरली. पुढे मुंबईहून बोटीनं रेवस आणि तिथून बैलगाडीनं थळ, यालाच जास्त वेळ लागला. अंगणात गाव लोटलं. मासळीवाली चंद्री पाटी खाली ठेवून अक्काचे हात चाचपत होती. "ढगातून आलीस व्हय गो? थंडी न्हाय वाजली?"

"थैल्यांवर पाय ठेवून बसले होते," अक्का सांगायची. "कानात कापूस घातला तरी घरघर थांबेना. एकदा उलटीही झाली." लोकांना त्या उलटीचंसुद्धा कौतुक! मी मागच्या दारी आईची लुगडी धूत ऐकत होते आणि जळत होते.

पण खरी आग संध्याकाळी लागली. पेज मीच केलेली. अक्कानं भरवली आणि आईनं वाटी पुसून संपवली. "गोड झाल्ये," म्हणाली. मी चुलीपुढे बसून राहिले.

त्याच आठवड्यात आई गेली. समाचाराला येणारेही आधी आईचं विचारत आणि मग हळूच विमानाचं.

अक्का परत निघाली ती आगबोटीनंच. रेवसच्या धक्क्यावर मी तिच्याशी धड बोलत नव्हते. तीच म्हणाली, "तुझा फार हेवा वाटतो गो मला."

"माझा? कशाचा?" मी उसळलेच.

"आई तुझ्यावर शेवटपर्यंत खेकसली. मला पाहुणीसारखं वागवलं तिनं. पेज अळणी होती, मी चाखली होती. माझं मन राखायला संपवली."

मुंबईची बोट लागली, ती गर्दीत चढली.

पुढच्याच वर्षी कराचीत बाळंतपणात ती गेली. तार आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर माझ्याहून सुखी अशा कितीतरी बायका मी पाहिल्या. हेवा मात्र कोणाचाच वाटला नाही.