फाटके मोजे आणि डॉनचं मत

बायांनो, निवडणुकीला उभी असलेली लिंडा आज डब्लिनला आमच्या घरी आली. सरकारनं सगळ्यांच्या औषधपाण्याचं बघावं, असं म्हणणारी. सून तिच्यासाठी दारोदार फिरतेय, पण शेजारचा डॉनच बधेना. ना या पक्षाचा ना त्या पक्षाचा माणूस. तो नेमका चहाला बसलेला.

मी म्हटलं, "पुढारी असशील, बूट बाहेर काढ."

तिच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. डॉनच्याही. दोघं हसले.

मग भाषण सोडून तिनं तो कामाला होता त्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचं विचारलं, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

उठताना डॉन म्हणाला, "औषधपाण्यासाठी टॅक्स वाढवायचं तुझं पटत नाही. पण मत तुलाच."

त्या फाटक्या मोज्यांचे उपकार मानते मी. तुमच्याकडे मत मागणारे कधी बूट काढून बसतात का?