समासातली फुली

वसंता गेला त्याच्या आदल्या रविवारी आमचं भांडण झालं होतं. नेहमीचंच. बोरीवलीच्या नॅशनल पार्कात फाटकातून आत शिरलं की डावीकडे एक बाकडं आहे, सकाळचं फिरणं झालं की आम्ही दोघं तिथं बसायचो. मी म्हणालो, "युरोपची वाट लागली, वसंता. दहा वर्षांत तिथं एकही धड सरकार राहणार नाही." तो बुटाची लेस बांधत म्हणाला, "लिहून दे." म्हटलं, लिहायचं कशाला, डोळ्यांना दिसतंय ना. "दिसतंय तर लिही आणि खाली सही कर. बोलतोस खूप, लिहीत काहीच नाहीस." मला राग आला. चहाला न थांबता मी घरी निघून आलो. गुरुवारी सकाळी त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला... पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेला होता. आज दीड महिना झाला, तो न घेतलेला चहा अजून आठवतो.

बोरीवलीत बसून दोन रिटायर्ड माणसं युरोपवरून भांडतात याचं लोकांना हसू यायचं. मी वीज कंपनीत होतो, मूळ कणकवलीकडचा. वसंता बुलढाण्याकडचा, टेलिफोन खात्यात केबल जोडायचा. आमची ओळखही भांडणातूनच झाली. एकदा आमच्या खोदकामात त्याची केबल तुटली आणि हे साहेब तावातावानं आले. अर्धा तास मला फैलावर घेतलं, मग मातीच्या ढिगाऱ्यावर रुमाल अंथरून खड्ड्यात उतरलेल्या जोडीदाराची वाट बघत पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून वाचत बसले. रोमचा इतिहास. मी म्हटलं, हा माणूस एक तर वेडा आहे किंवा माझा दोस्त होणार आहे. दोन्ही खरं निघालं.

त्याची वाचायची एक रीत होती. प्रकरण निम्मं झालं की थांबायचं आणि पुढं काय होणार ते पेन्सिलीनं समासात लिहायचं. राजा पळून जाईल. सैन्य फितूर होईल. मग पुढं वाचायचं. बरोबर आलं तर टिक, चुकलं तर फुली, आणि चुकलेलं कधीच खोडायचं नाही. मी म्हणायचो, अरे, इतिहासात काय झालं ते ठाऊकच असतं की. "मला कुठं ठाऊक? मी शाळेत गणितातच गुंतलो होतो." रोम, फ्रान्स, दोन युद्धांमधला जर्मनी... सगळ्या समासांत फुल्याच फुल्या. मी खो-खो हसायचो. एकदा तो शांतपणे म्हणाला, "त्या लोकांनाही ठाऊक नव्हतं रे. ते लग्नं लावत होते, भाजी महाग झाली म्हणून बोंबलत होते. बुडणार म्हणणारेही चुकले आणि काही होत नाही म्हणणारेही चुकले. एवढं वाचून मला एकच कळलं, हरलेला माणूस चावी देतो का, ते बघायचं."

चावीचं असं की तो आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं सेक्रेटरी होता. मग एका निवडणुकीत चार मतांनी पडला. मला खात्री होती की मतं फोडली होती, मी तर जिन्यात उभा राहून शिव्या घातल्या. हा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसची चावी आणि सगळी रजिस्टरं नव्या सेक्रेटरीच्या घरी पोचवून आला, वर पंपाची खोड समजावून आला. मला म्हणाला, "पुस्तकात ज्या देशांचं वाटोळं झालं ना, तिथं बहुतेक वेळा आधी हे थांबलं होतं. समोरचा निवडून आला तर तो आपल्यातलाच, एवढं मानायचं लोकांनी सोडलं होतं." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण नंतर टीव्हीवर युरोपातल्या निवडणुका बघताना मीही नकळत चावीच शोधायला लागलो.

त्याची मुलगी मुक्ता बारा वर्षं हॉलंडला आहे. तिकडचं नागरिकत्व घ्यायचं तर इकडचं सोडावं लागतं, आणि गेल्या वर्षी ट्राममध्ये कोणीतरी तिला "तुझ्या देशात परत जा" म्हणालं होतं. तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, तुम्ही एवढं वाचलंय. इथं पुढं काय होईल? राहू का?" मी शेजारीच होतो. तो म्हणाला, "पुढचं मला कधीच जमलं नाही, काकांना विचार. तिथं हरलेला अजून चावी देतो का?" ती हसली, "देतो. तोंड वाकडं करून, पण देतो." "मग राहा आणि मत देत जा. उद्या कोणी चावी दाबून बसला तर ओरडायला तिथं माणसं लागतील." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ चष्मा पुसत होता.

तो गेल्यावर मुक्ता आली. विहारातला कार्यक्रम झाल्यावर आम्ही तिघं त्याच्या पुस्तकांपाशी बसलो होतो. तिकडच्या नागरिकत्वाचा तिचा फॉर्म अजून बॅगेतच होता. तिनं त्याचं शेवटचं, निम्मं वाचलेलं पुस्तक उघडलं. आत पेन्सिल होती आणि समासात त्याच्या बारीक अक्षरात चार शब्द... "मुक्ता परत येईल बहुतेक." पुढं ना टिक, ना फुली. तिचा चेहराच पडला. "काका, मला राहा म्हणाले आणि मनात हे होतं?" खरं सांगतो, ये परत, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते माझं म्हणणं झालं असतं. मी म्हटलं, "हा त्याचा अंदाज गं. सांगायचं ते त्यानं तुला फोनवर सांगितलं." शोभावहिनी डोळे टिपत म्हणाल्या, "चुकले असतील, नेहमीसारखे." मुक्ता रडता रडता हसायला लागली. मग तिनं पेन्सिल घेतली आणि त्या ओळीपुढं नीट, ठसठशीत फुली मारली.

जाताना ते पुस्तक तिनं मला दिलं. मी रोज सकाळी बाकड्यावर बसून चार-पाच पानं वाचतो, मग चहा घेतो. पहिल्याच दिवशी तिच्या फुलीखाली लिहून टाकलं, युरोपात दहा वर्षांत एकही धड सरकार राहणार नाही. खाली सही केली. पुढची जागा मोकळी ठेवलीय. तेव्हा मी असेन-नसेन, म्हणून मुक्ताला सांगून ठेवलंय की फुली तूच मार.