खेकड्याच्या पोटातला कापूस

कल्पना करा, तुमच्या हातात सायकलच्या चाकातल्या दोन तारा आहेत, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केलेली. लोकरीचा पीळ सोडवून तिचा एकच पदर घ्यायचा आणि त्या तारांवर खेकडा विणायचा. आठ पाय, दोन नांग्या, आणि सगळा मिळून अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा नको. एक टाका सुटला की अख्खा पाय उसवतो. टाके फार ओढले तर खेकडा एका बाजूला कलतो. आत सावरीचा कापूस भरायचा, तोही काडीने ढकलून. शेवटी पाठीवर एक फास, कारण हा खेकडा पोराच्या करदोड्याला बांधला जाणार आहे.

वांगणीच्या अंगणवाडीतल्या मदतनीस नीताबाय असे खेकडे विणतात. लोकर जव्हारहून आणतात, कापूस शेताच्या बांधावरच्या सावरीचा. भाताची झोडणी उरकली की गावातली बरीच घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि वर माणसं. पोरांच्या खेळण्याला जागा कुठून असणार? म्हणून नीताबायनी ठरवलं, की खेळणं इतकं लहान करायचं की ते सामान म्हणून कुणाच्या नजरेतच येऊ नये.

पहिल्यांदा त्यांनी मोबाइलवर बघून जिराफ विणला होता. पोरांनी तो हातोहात फिरवला.

"बाय, या बकरीची मान कोणी ओढली?" त्यांच्यातल्या माघ्याने विचारलं.

जिराफ तिथेच बाद झाला. ओहोळात दगड उचलला की जे सापडतं, ते पोरांना हवं होतं.

गेल्या वर्षी एक लाल खेकडा ठकीला मिळाला. ठकी पाच वर्षांची, गंगी आणि जगनची एकुलती एक. गंगीचे तेव्हा दिवस भरत आले होते. खेकडा बघून ती हसली. "एवढासा? याच्या कालवणात मुंगीचं बी पोट भरायचं नाय."

"तो खायाचा नाय," ठकी फणकारली. "तो माझा हाये."

उन्हाळ्याच्या शेवटी मंडळी परतली. खेकडा ठकीच्या कमरेलाच होता. नीताबायनी कौतुकाने तो चिमटीत धरला, तर बोटाला काहीतरी टोचलं. खेकड्याचं पोट उसवून पुन्हा शिवलेलं होतं, सिमेंटच्या गोणीच्या दोऱ्याने. आत सावरीचा कापूस नव्हता. भट्टीत जाळायला आणतात ते भाताचं तूस होतं.

"कापूस कुठं गेला गं?"

ठकीने खेकडा ओढून घेतला. आधी अंगणवाडीत तिला गप्प बसवावं लागे. आता ती बोलायचीच थांबली होती.

गंगीने मग दारात बसून सांगितलं. "भट्टीवर बाळ झालं, पोरगा. पाचवी पुजायच्या आधीच गेलं. माती देताना नाकाकानात घालायला कापूस पायजे, तो कुठं मिळंना. मी पडून होते. मग कापूस आला कुठून, मला ठावं नाय. सांजेला बघते तर ही पोर खेकड्यात तूस भरत बसलेली."

"जगनला विचारलंस?"

"त्या दिवसाचं तो काय बोलतच नाय, बाय."

तुसाची टोकं विणीतून बाहेर येतात. ठकीच्या कमरेवर पुरळ उठलंय. तूस काढून कापूस भरून देते म्हटलं, तर ती खेकडा मुठीत दाबून पळाली. म्हणून नीताबायनी नवा विणलाय, तसाच लाल. विणून झाला, कापूस भरला. फक्त पोट बंद करायचं राहिलंय. यंदाची झोडणीही उरकलीय, टेम्पो उद्या सकाळी येणार आहे.

त्या सुई घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर बसल्या होत्या, पण टाका घालत नव्हत्या.

"कुणी पोरीकडून कापूस हिसकावून घेतला असंल," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तर यंदा असं घट्ट शिवते, की पात्याबिगर उघडायचं नाय. पण तिनंच भावाला दिला असंल, तर? मग गाठ सैल ठेवाया पायजे. तिचं देणं मी का बंद करू?"

तेवढ्यात ठकी आली. जुना खेकडा कमरेला होताच. नीताबायनी नवा तळहातावर धरला. ठकीने त्याच्या उघड्या पोटात करंगळीचं टोक घातलं आणि कापूस चाचपून पाहिला. बोट तिने लगेच काढलं नाही.

"ठकू, मी रागवायची नाय," नीताबाय हळूच म्हणाल्या. "तो कापूस तू दिलास, का कुणी घेतला?"