दातांत धरलेला पेचकस

मामीचा फोन आला तेव्हा मी वर्गात ध्वनीचा धडा शिकवत होते. कापसाच्या जिनिंग मिलमधून घरी येताना सुदाममामांना मागून ट्रॅक्टरची धडक बसली होती; ते जागीच गेले... "ड्रायव्हर म्हनतो, लई हॉर्न वाजवला," मामी रडत सांगत होती. महिना उलटला, तरी ते वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. मामांना तो हॉर्न ऐकू आला नसणार, हे मला माहीत होतं.

वडील गेल्यावर मामांनीच मला आपल्या गावी, जवळा बाजारला आणलं, शिकवलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. मामा जिनिंगमध्ये फिटर. तिथं यंत्रं सुरू झाली की शेजारच्याशीही खुणांनीच बोलावं लागे. बाकीचे कामगार ढिगातलाच कापूस कानांत कोंबत; मामा मात्र कधीच नाही. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतला बिघाड ओळखायचा, ही त्यांची रीत. पहिल्या पगारात मी त्यांच्यासाठी कान झाकायचे हेडफोनसारखे मफ आणले, तर हसले. "हे घालून मशीन काय म्हनून राहिली, कसं कळंल? मास्तरीन झालीस, फिटर न्हाई झालीस!" मफ खिळ्याला टांगले गेले.

दोन हंगामांनी मी डबा द्यायला गेले, तर पेचकसाची मूठ त्यांच्या दातांत होती. मशीन बंद झाल्यावर मागून तीनदा हाक मारली. वळले नाहीत. बाहेर आल्यावर मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मामा, काहून लपवून राहिलात? डॉक्टरला दाखवू."

"दाताला अजून कळतंय ना! फिटरचा कान गेला म्हनलं, की फिटर गेला. कोनाला बोलू नको... मामीला बी न्हाई."

मी मान हलवली. त्यांच्यापुढे मला कधी नाही म्हणताच आलं नाही. घरी मामी टोमणे मारी, "साऱ्या गावाचं ऐकतेत, माझंच तेवढं ऐकू येत न्हाई ह्यांना!" मामा हसत, माझ्याकडे बघत. मीही हसे.

परवा जिनिंगमधून त्यांची पिशवी आली. मामीनं पेचकस काढला, मुठीवरून बोट फिरवलं. "हे वण कशाचे गं?"

मी सगळं सांगितलं. तिनं पेचकस माझ्या हातात ठेवला.

"आधी सांगायचं होतंस, पोरी," ती म्हणाली. "येताना मी रोज त्यांच्या मागं चालले असते."

पेचकस आता वर्गातल्या माझ्या टेबलावर आहे. मुलं रोज विचारतात, बाई, ध्वनीचा धडा कधी पुरा करायचा?