पाहुण्यासाठी थांबवलेली मशीनं

मंदीच्या त्या वर्षी युरोप आणि आशियाने एकमेकांना धरून राहावं, असं सगळ्यांनाच वाटू लागलं होतं. त्यासाठी पुण्यात एका हॉटेलात परिषद भरली. मंचामागच्या फलकावर ‘आर्थिक सहकार्य आणि सुरक्षितता’ असं लिहिलं होतं आणि पुढे इतकी फुलं होती, की वक्ते फक्त मानेपासून वर दिसत. मी जर्मन शिकवतो, म्हणून दुभाषा म्हणून मला बोलावलं होतं.

माझ्या मेहुण्यांसाठी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावासाठी, हा मामला फलकापुरता नव्हता. त्यांच्या भोसरीच्या शेडमध्ये पंपांचे सुटे भाग बनत आणि जवळपास सगळे एका जर्मन कंपनीला जात. त्या कंपनीला पुरवठादार कमी करायचे होते. कोणाला ठेवायचं ते ठरवायला तिचा एक इंजिनिअर परिषदेच्या निमित्ताने आला होता. ऑर्डर गेली, की शेडला कुलूप.

मेहुण्यांनी तयारी कडक केली. मशीनं रंगवली, जमीन धुतली, बुद्धमूर्तीपुढे पांढरी फुलं ठेवली. आणि मोठा माणूस येणार म्हटल्यावर आपण जे करतो तेच केलं: काम बंद ठेवलं. कामगार नव्या गणवेशात रांगेत उभे. पाहुणा त्या शांततेत फिरला आणि म्हणाला, “फॅक्टरी सुंदर आहे. माल कुठे बनतो?”

मी भाषांतर केलं. विनोद समजून मेहुणे मनापासून हसले. पाहुणा हसला नाही. गाडीत त्याने मला विचारलं, “यांच्याकडे काम नाही का?” आदराने बंद ठेवलंय, हे मी समजावून सांगितलं. “पाहायला आलो ते कामच होतं,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

संध्याकाळी परिषदेने त्याला शाल आणि एक पितळी पृथ्वीगोल दिला. गोलाच्या दोन बाजूंनी दोन हात हस्तांदोलन करत होते. त्याचं वजन पाहता ते हात सुटणं अवघडच होतं.

दुसऱ्या दिवशी आइसलंडमधल्या ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली आणि विमानं थांबली. रीतसर निरोप घेतलेला पाहुणा पुण्यातच उरला. त्याला शहरात मीच तेवढा ओळखीचा, म्हणून मी त्याला घरी जेवायला आणलं. दुसरा फुलका वाढताना बायको मला म्हणाली, “त्यांना सांगा, कालची फॅक्टरी खोटी होती. उद्या न सांगता जा म्हणावं.”

“दादांना फोन करू?”

“अजिबात नाही. फोन केलात तर दादा परत रंगाचे डबे काढेल.”

सकाळी पहिला रिक्षावाला म्हणाला, “भोसरी? तिकडून रिकामं यावं लागतं.” दुसऱ्याने तेवढंही बोलायचे कष्ट घेतले नाहीत. तिसरा तयार झाला.

शेडमध्ये सगळी मशीनं चालू होती. तेलाचा वास, लोखंडी किसाचे ढीग, आणि मधोमध बनियनवर मेहुणे. आम्हाला पाहताच ते ओरडले, “दाजी, अहो, फोन तरी करायचा! निदान शर्ट तरी घातला असता!” मग आवाज खाली आणून, “आता संपलंच म्हणा.”

पाहुण्याने कोट काढून खिळ्याला अडकवला, खिशातून मोजपट्टी काढली आणि टोपलीतला माल मोजायला बसला. मशीनच्या आवाजात माझ्या भाषांतराचा कोणालाच उपयोग नव्हता. दुपारी त्याने दोन तुकडे बाजूला ठेवले. बाद. मेहुण्यांचा चेहरा उतरला. चहाला मशीनं थांबली, तेव्हा पाहुणा त्यांना म्हणाला, “परवा बाद करायलासुद्धा काही नव्हतं.”

हे मी शब्दशः सांगितलं. मेहुण्यांनी क्षणभर माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं आणि बाद तुकडे उचलून तडक मशीनकडे गेले. पाहुणाही मागोमाग गेला. चहा दोघांचाही तसाच राहिला.

ऑर्डर टिकली. आकाश मोकळं होईपर्यंत तो रोज शेडवर जात होता. मला सोबत नेणं त्याने तिसऱ्या दिवशीच बंद केलं. जाताना शाल घेऊन गेला, गोल सामानात बसेना म्हणून मेहुण्यांना देऊन गेला.

आता शेडवर कोणीही पाहुणा आला, तरी मशीनं थांबत नाहीत. या, बसा, हेही ओरडूनच म्हणावं लागतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला तो पितळी गोल लावलेला असतो.