घंटेच्या टप्प्यातले दवबिंदू

तिसऱ्या मजल्यावरची टिकटिकताई घरात माणूस खाणारं झाड पाळते आणि ते पुरेसं वाढलं की म्हाताऱ्या बापाला त्याच्यापुढे नेऊन बसवणार आहे, ही बातमी आमच्या इमारतीत चांगली पंधरा दिवस टिकली. बातमी अगदीच हवेतली नव्हती. ताई फळवाल्याला "सडकं केळं आहे का? याहून सडकं नाही का?" असं विचारत असताना खालच्या इस्त्रीवाल्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सडक्या केळ्यावर चिलटं जमतात, चिलटं झाड खातं, आणि चिलटं संपली की पुढचा नंबर कोणाचा, हा विचार इस्त्रीवाल्याने कॉलर दाबता दाबता पुरा केला आणि कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर मजल्यामजल्यावर घरपोच दिला.

खरं एवढंच होतं की ते झाड कोटाच्या बटणाएवढं होतं. अशी अकरा. सगळी मिळून बापावर सोडली असती तरी करंगळीच्या नखापाशीच त्यांची पोटं भरली असती.

ताईचं वय सत्तेचाळीस, धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. धंदा बापाचा. चाळीस वर्षं बाजारात दुकान होतं, सहा वर्षांपूर्वी म्हाताऱ्याच्या छातीने दगा दिला तेव्हा दुकान बंद झालं आणि चिमटे, भिंगं, ड्रॉवरसकट टेबल घरातल्या बाहेरच्या खोलीत आलं. आतल्या खोलीत म्हातारा, त्याची खाट आणि दिवसरात्र घुरघुरणारं ऑक्सिजनचं मशीन. नाकातली नळी सात मीटर लांब. तेवढ्यात खिडकी येते, न्हाणीघर येतं. दार मात्र हातभर लांब राहतं.

पण म्हातारा हाडाचा घड्याळजी. पहिल्याच आठवड्यात त्याने एका मोडक्या टेबलघड्याळाची पितळी घंटा काढून खाटेच्या दांड्याला ठोकून घेतली. खिडकी उघडी असली की तिचा आवाज खाली फळवाल्यापर्यंत जातो. पुढे इस्त्रीवाल्याचा कोपरा वळलं की ऐकू येत नाही. म्हणून ताई गेली सहा वर्षं फळवाल्याकडचीच भाजी घेते, जी तो मुळात विकत नाही. तिच्यासाठी मंडईतून वेगळी आणून ठेवतो. कोपऱ्यापलीकडे जायचं तर मजल्यावरच्या कोणाला तरी खुर्चीवर बसवून, वीस मिनिटांत परत.

टण्.

"काय झालं, बाबा?"

"चष्मा."

"नाकावर आहे."

"मग वाकडा बसलाय. सरळ कर."

असा दिवस. ताईला एक धाकटा भाऊ आहे, दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. तो दर रविवारी फोन करतो आणि न चुकता म्हणतो, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." ताई न चुकता म्हणते, "हो ना." त्यानंतर एखाद्या घड्याळाचं मागचं झाकण जरा जास्तच जोरात बसतं.

झाडांची भानगड सुरू झाली ती एका सर्वेअरमुळे. घड्याळात पाणी शिरलं म्हणून आला. डोंगरावरच्या पाणथळ पठारांचे नकाशे काढणं हे त्याचं काम, त्यामुळे घड्याळात पाणी आणि बुटात चिखल कायमचा. घड्याळ पुन्हा चालू झालेलं बघून गडी इतका खूष झाला की पाकिटातून कागदाची एक घडी काढून ताईसमोर ठेवली. "दवबिंदूचं बी आहे. माझ्या घरच्या कुंडीतलं. पानांवर चिकट थेंब असतात, दवासारखे. चिलट बसलं की अडकतं, मग पान हळूहळू त्याच्यावर मिटतं. तुमचा हात हलका आहे, तुम्हाला जमेल."

तो गेल्यावर ताईने भिंग डोळ्याला लावलं, घडी उलगडली, आणि जे कोणी माळी जन्मात करणार नाही ते केलं. घड्याळ उघडलं की आधी धूळ उडवायची, ही तीस वर्षांची सवय. समोर काळी, बारीक धूळ दिसली. हातात रबरी फुगा होताच. फुस्स केलं. बी गेलं टेबलभर, स्क्रूंच्या डबीत, चहाच्या कपात.

आतल्या खोलीतून म्हाताऱ्याने सगळं पाहिलं होतं. तो हसायला लागला. वर्षभरात पहिल्यांदा हसला, आणि खोकला येईपर्यंत हसला. "अगं, गिऱ्हाइकाचं घड्याळ फुंकून घालवलं नाहीस तेवढं बरं."

ताईने संध्याकाळपर्यंत दिव्याखाली वाकून ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक बी टिपलं. सव्वीस सापडली. धुतलेल्या शेवाळाने भरलेल्या कुंडीवर ती नुसती पसरली. मातीत पुरायची नसतात, सर्वेअरने बजावलं होतं. वर भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची गोल काच झाकली. नळाचं पाणी या झाडांना विषासारखं, खत तर नाहीच. पण घरात डिस्टिल्ड वॉटर होतंच, ऑक्सिजनच्या मशीनच्या बुडबुडणाऱ्या बाटलीत घालायचं. एकाच कॅनमधून आधी बापाची बाटली, मग कुंडीखालची ताटली.

खरं सांगायचं तर तिला झाडाबिडाची हौस नव्हती. घरात हाक न मारणारं काहीतरी असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तेही पुरं झालं नाही. घरात भरपूर उजेड एकाच खिडकीत, म्हाताऱ्याच्या उशाशी. कुंडी तिथेच ठेवावी लागली. चौतीस दिवस काही दिसेना. पस्तिसाव्या दिवशी सकाळी टण् टण् टण् अशी घंटा झाली की ताई ओल्या हाताने धावली. तिला वाटलं नळी सुटली.

म्हातारा डोळ्याला भिंग लावून कुंडीवर ओणवा झाला होता. "तीन उगवलेत. टाचणीच्या डोक्याएवढे. तुला दिसायचे नाहीत, तुझे डोळे गेलेत आता."

पुढच्या दिवसांत आणखी उगवली. त्यातली कित्येक बुरशीने गेली, शेवटी अकरा राहिली. सात महिन्यांत बटणाएवढी झाली. लाल केसांची पानं, प्रत्येक केसावर एक चकचकीत थेंब. म्हाताऱ्याने त्यांना नंबर दिले. मग पूर्वी तासाला चार वेळा वाजणारी घंटा बारा वेळा वाजू लागली.

टण्. "चार नंबरवर चिलट बसलंय."

"बसू दे."

"सुटतंय की काय बघ."

"सुटत नाही, बाबा."

"सुटत नाही खरं," म्हातारा भिंगातून बघत म्हणायचा. "पण जीव तोडून प्रयत्न करतंय हो."

ताई चिमटा हातात धरून कुंडीशी उभी राहायची आणि बराच वेळ त्या चिलटाकडे बघत बसायची. एका पायावर धडपड, मग दोन पाय, मग पंख. बाहेरच्या खोलीत दुसऱ्यांची घड्याळं चालू असायची.

पावसाळा सरता सरता सर्वेअर पुन्हा आला; बुटात चिखल, घड्याळात पाणी. कुंडी पाहून म्हणाला, "ही अकरा काय बघता? आमच्या पठारावर यांचे जातभाई हजारोंनी आलेत. जमीनच्या जमीन लाल दिसते. तीन आठवडे राहतील, मग पाणी आटलं की खेळ संपला. एकदा या बघायला."

ताईने आयुष्यात काही मागितलं नव्हतं. तिने त्या रविवारी भावाकडे चार दिवस मागितले.

"चार दिवस? जा की," भाऊ म्हणाला. "मी येतो."

पुढच्या रविवारी चाराचे दोन झाले, कारण ऑफिसात कसलीशी तपासणी होती. तिसऱ्या रविवारी दोनाचा एक झाला. "सकाळी सातला येतो, रात्री आठच्या गाडीने निघतो. बसतं का त्यात?"

ताईने वेळापत्रक काढलं. बसने जायला अडीच तास, यायला अडीच. म्हणजे पठारावर भरपूर वेळ. "बसतं," ती म्हणाली. तीन आठवड्यांतले आता चारच दिवस उरले होते. तो एक दिवस हातचा गेला असता तर पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली असती. आणि पुढच्या वर्षी तो शून्यावर आला असता, हे तिला न सांगता कळत होतं.

भाऊ आला, पाऊण तास उशिरा. ताईने सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला: औषधं, मशीनची बाटली, झाडांना नळाचं पाणी अजिबात नाही. भावाने कुंडीत बोट घालून बघितलं. म्हाताऱ्याने घंटा वाजवली. "सात नंबरला हात लावू नकोस."

"मी इथेच उभा आहे ना बाबा, घंटा कशाला?"

"तुला ऐकू येतं की नाही बघितलं."

ताई इस्त्रीवाल्याचा कोपरा वळली. घंटा ऐकू येईनाशी झाली, तशी तिची पावलं उगाचच मंदावली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी ती पहिला तासभर सीटच्या टोकावर बसून होती, हाक आली तर उठायला बरं असं.

तासाभराने बस एका थांब्यावर उभी राहिली. समोरच्या बाजूला परतीची बस उभी होती, इंजिन चालू. फोन वाजला.

"ताई, कुठवर पोचलीस?" भावाचा आवाज चढलेला. "अगं, माणूस आहे की काय हा! तासाभरात नऊ वेळा घंटा. मी एक फोन पुरा करू शकलो नाही. पठार काय पळून जातंय? परत फिरता येईल का बघ ना."

तेवढ्यात फोनमधून, मागून, बारीक पण स्पष्ट: टण्.

ताई उठली. खांद्याला पिशवी, एक पाय सीटबाहेर. मागच्या बाई म्हणाल्या, "उतरायचंय का? मग जरा सरका."

ताईने समोरच्या बसकडे पाहिलं. कंडक्टरने दोनदा दोरी ओढली, ती बस हलली आणि आल्या रस्त्याने निघून गेली. ताई खाली बसली. या वेळी पाठ टेकून बसली.

"ताई? ऐकतेस ना? नऊ वेळा."

"नऊच ना?" ती म्हणाली. "पाहुणा म्हणून सूट दिलीय तुला."