फॉर्मवरचं ‘नाही’

रिपोर्टमध्ये एकच ओळ महत्त्वाची होती. ग्रोथ हार्मोन बाइंडिंग प्रोटीन: मोजता येईल इतकंही नाही. नव्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवला. म्हणाल्या, “मुलीच्या रक्तात वाढीचं हार्मोन भरपूर आहे. शरीराला ते घेताच येत नाही. दोन वर्षं दिलेल्या इंजेक्शनांचा उपयोग होणारच नव्हता.”

गौरी नऊ वर्षांची आहे, दिसते चारची. आम्ही तंजावरकडचे मराठी, चेन्नईत वेस्ट मांबलमला राहतो. स्टेशनवर तिचं अर्धं तिकीट मागितलं की खिडकीवरचा माणूस हसून म्हणतो, एवढ्याशा पोरीला तिकीट कशाला?

लहानपणी ती सकाळी उपाशीपोटी गळून पडायची. साखर कमी व्हायची. सातव्या वर्षी आम्ही हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आयजीएफ-वन तपासलं. ग्रोथ हार्मोन पोहोचल्यावर शरीर बनवतं तो हा पदार्थ. तिच्यात तो फार कमी होता. हाडांचं वय पाहायला मनगटाचा एक्स-रे काढला. निदान केलं, हार्मोनची कमतरता. हार्मोन किती तयार होतं हे पाहायची स्टिम्युलेशन टेस्ट त्यांनी केलीच नाही. औषध देऊन अर्ध्या-अर्ध्या तासाने रक्त घेतात ती. लहान मुलीला इतकं टोचायला नको, म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं तिला रोज ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन टोचलं. ते मी टोचलं. उंची पाच सेंटिमीटर वाढली. दर भेटीला ते डोस वाढवत आणि धीर धरा म्हणत.

पहिल्या दिवशी तिथे फॉर्म भरताना मदतनीस मुलीने विचारलं होतं, आईवडील रक्ताच्या नात्यातले आहेत का? माझ्याआधी सासूबाई बोलल्या. त्या माझ्या सख्ख्या आत्या. “रक्ताचं कसलं नातं? हिच्या माहेरचं गोत्र वेगळं, आमचं वेगळं.” फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं गेलं. मी गप्प बसले, कारण मलाही ते खरं वाटलं. आमच्यात मामाची मुलगी करणं ही रीत आहे. एका गोत्रातले तेवढे रक्ताचे. डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये स्टिम्युलेशन टेस्ट ठरली. सुई लावता लावता नर्सने तमिळमध्ये विचारलं, “सोंदत्तुल कल्याणमा?” नात्यातच लग्न का? आत्या अभिमानाने म्हणाल्या, “माझ्या भावाचीच मुलगी. बाहेरची कशाला आणू?” नर्सने पट्टी चिकटवली आणि डॉक्टरांना सांगायला गेली.

हार्मोन प्रमाणाबाहेर जास्त निघालं. मग डॉक्टरांनी बाइंडिंग प्रोटीन मोजायला सांगितलं. पेशीवर हार्मोन घेणारा रिसेप्टर असतो. त्याचा बाहेरचा भाग सुटून रक्तात फिरतो आणि हार्मोनला धरून ठेवतो. तेच हे प्रथिन. ते नसेल तर रिसेप्टरच नीट बनत नसल्याचा संशय पक्का होतो. असलं तरी दोष नाही असं मात्र म्हणता येत नाही.

नमुना गोठवून शहराबाहेर पाठवायचा होता. पहिल्या लॅबने नाव अर्धवट वाचून पुन्हा ग्रोथ हार्मोनच मोजलं. गौरीला परत टोचलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “दोन्ही एकच ना, मॅडम?” मी त्याला बाकावर बसवून फरक समजावला. आवाज चढला होता, त्याची मला लाज नाही.

जीन टेस्टमध्ये खात्री झाली. तोच दोष माझ्याकडून आला, तोच तिच्या वडिलांकडून. आजाराचं नाव ग्रोथ हार्मोन इन्सेन्सिटिव्हिटी. यावर आयजीएफ-वनचंच इंजेक्शन लागतं. ते इथे सहज मिळत नाही. डॉक्टरांनी मागणी पाठवली आहे. हाडांची टोकं जुळेपर्यंतच उंची वाढते. त्यातली दोन वर्षं गेली.

घरी आत्यांनी विचारलं, “मी खोटं बोलले का गं?” नाही बोललात, म्हटलं. पण त्यांच्याजवळ बसले नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर फॉर्मपाशी गोत्र विसरा. गौरीची आजी आणि माझे वडील सख्खी भावंडं, असं जे नातं असेल ते सरळ सांगा. हार्मोन न मोजता इंजेक्शन लिहिणाऱ्याला कारण विचारा. त्या नर्सची मी ऋणी आहे. बाकीच्यांवरचा राग अजून उतरलेला नाही.

परवा तपासणीला जाताना खिडकीवरचा माणूस पुन्हा तेच म्हणाला. गौरी टाचा उंचावून म्हणाली, “नऊ पूर्ण झालीत मला. अर्धं तिकीट द्या.”

त्याने दिलं. ते तिने स्वतःच्या हातात धरलं.